मेकॅनिकलचं एम.टेक.: तुमची पत्रं आणि माझी उत्तरं

गेल्या महिन्यात या पानावर मेकॅनिकलमधल्या एम.टेक.बद्दल काय विचारायचं ते विचारा असं लिहिलं होतं, आणि पत्रं-मेल मिळून इतकं आलं की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो अशी सात पत्रं घेतलीत. नावं मुद्दाम काढलीत. मी डिझाईनमध्ये एम.टेक. केलंय, त्याआधी दोन वर्षं आणि नंतर अकरा वर्षं कंपनीत काढलीत, आता कॉलेजात शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

प्रश्न : मॅडम, मी तासगावचा, बी.टेक. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. चाकणच्या एका कंपनीत जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी) म्हणून सिलेक्शन झालंय, वर्षाला साडेतीन लाख. गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर ५६० आलाय, ओपन कॅटेगरी. बाबा म्हणतात हातातली नोकरी सोडू नको, मित्र म्हणतात एम.टेक. कर नाहीतर प्रॉडक्शनलाच अडकशील. काय करू?

उत्तर : आधी पैशाचं बोलू, कारण बाबांची काळजी तीच आहे आणि ती चुकीची नाही. गेट क्वालिफाय होऊन एम.टेक.ला गेलास तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, म्हणजे २४ महिन्यांचे २ लाख ९७ हजार ६००, त्यातून फी, हॉस्टेल, मेस. तिकडे नोकरीचे दोन वर्षांचे सात लाख. म्हणजे चार लाखांचा फरक पहिल्या दिवसापासून आहे, तो घरच्यांसमोर कागदावर मांड, लपवू नको. बी.टेक.चं कर्ज डोक्यावर असेल तर हा फरक आणखी मोठा. आणि हे पण लक्षात ठेव की स्टायपेंड फुकट नसतो, आठवड्याला साधारण आठ तास लॅब घेणं, जर्नल तपासणं, असं टीएचं, म्हणजे टीचिंग असिस्टंटचं, काम करावं लागतं, आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असंही सगळीकडे नसतं, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय घरून करून ठेवायची.

आता जे कोणी तुला सांगितलेलं दिसत नाही ते सांगते. गेटचा स्कोअर रिझल्टपासून तीन वर्षं चालतो. म्हणजे नोकरी किंवा एम.टेक. हा निर्णय या जूनमध्येच कायमचा करायची गरजच नाही! चाकणला जा, एक वर्ष शॉप फ्लोअरवर काढ, पुढच्या फेब्रुवारीत परत गेट दे, स्कोअर वाढला तर उत्तम, नाही वाढला तर हा ५६० आहेच. फक्त जॉइन करताना बाँड किती वर्षांचा आहे आणि मोडला तर किती भरायचे ते नीट वाच, सही केल्यावर नाही, आधी.

५६० वर कुठे मिळेल? जुन्या आयआयटींमध्ये डिझाईन किंवा थर्मल ओपनला अवघड आहे हे स्पष्ट सांगते. एनआयटींमध्ये शक्यता आहे, ती स्पेशलायझेशनवर अवलंबून. एनआयटींचं ॲडमिशन सीसीएमटीमधून, म्हणजे त्यांच्या एकत्र कौन्सेलिंगमधून, होतं आणि मागच्या वर्षीचे ओपनिंग-क्लोजिंग स्कोअर त्यांच्याच साइटवर असतात, कोचिंगवाल्यांच्या व्हिडिओपेक्षा ते बघ. आयआयटीचं वेगळं, तिथे प्रत्येक आयआयटीला वेगळा अर्ज करावा लागतो आणि ऑफर मात्र सीओएपी या एकत्र पोर्टलवर दिसते, तिथे ॲक्सेप्ट अँड फ्रीझ दाबलं की बाकीचे दरवाजे बंद, थांबायचं असेल तर रिटेन अँड वेट. दरवर्षी एकतरी पोरगं हे उलटं करून रडत येतं. आणि सांगलीचं वालचंद तर तुझ्या दारात आहे, १९४७ सालचं कॉलेज, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून गेटवाल्यांना तिथेही जाता येतं. घरून येऊन-जाऊन केलंस तर वर काढलेला चार लाखांचा हिशोब बराच हलका होतो.

पण खरा प्रश्न हा नाहीच. तुझ्या पत्रात कुठल्या विषयात एम.टेक. करायचंय हे एकदाही आलेलं नाही, आणि मला तिथे थांबावंसं वाटलं. मी नोकरी करून एम.टेक.ला का गेले ते सांगते. आमच्या लाईनवर कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट पाच महिन्यांत दोनदा तुटला, दोन्ही वेळा कीवेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, टोकाला. मेंटेनन्सवाले म्हणाले मटेरियल हलकं आलंय, म्हणून ईएन ८ स्टीलच्या जागी महाग, जास्त स्ट्राँग ईएन २४ चा शाफ्ट करून घेतला, आणि तोही तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा गोल गोल रेषा होत्या, मी तो तुकडा कितीतरी दिवस टेबलावर ठेवला होता, बघायचे आणि काही कळायचं नाही. बी.ई.ला मी फटीगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू तुटतो त्याचा, चॅप्टर शिकले होते, पेपरात गणितही सोडवलं होतं, पण समोरचा शाफ्ट आणि तो चॅप्टर यांचा संबंध मला लावता आला नाही. एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला सरांनी नॉच सेन्सिटिव्हिटी शिकवली, की स्टील जितकं स्ट्राँग तितकं ते खाचेला जास्त संवेदनशील होतं, आणि मला वर्गात बसल्या बसल्या तो ईएन २४ चा शाफ्ट दिसला. मटेरियल बदलून उपयोग नव्हता, कीवेच्या तळाच्या कोपऱ्याला नीट रेडियस द्यायला हवी होती, बस. त्या दिवशी मला एम.टेक. म्हणजे काय ते समजलं.

म्हणून माझं मत असं की एक वर्ष नोकरी कर आणि वही ठेव. काय तुटतं, काय तापतं, कुठे आवाज येतो, कुठला पार्ट रिजेक्ट होतो आणि का, हे लिहीत जा. वर्षाने त्या वहीत एखादा प्रश्न असा सापडला की जो तुझा पिच्छा सोडत नाही, तर एम.टेक.ला जा आणि स्पेशलायझेशन पण त्या प्रश्नावरून ठरव. नाही सापडला आणि काम आवडायला लागलं, प्रॉडक्शन चांगलं जमतंय असं वाटलं, तर प्रॉडक्शनमध्ये राहणं म्हणजे अडकणं नाही, चांगला प्रॉडक्शन इंजिनियर मिळत नाही म्हणून कंपन्या हैराण आहेत. तिथे एम.टेक.मुळे फार काही वाढत नाही. सीएई (कॉम्प्युटरवरचं ॲनालिसिस), एनव्हीएच (आवाज आणि कंपनं), थर्मल, आर अँड डी, पुण्यातल्या एआरएआय (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) किंवा डीआरडीओच्या लॅबसारख्या जागा, नाहीतर शिकवणं, इथे मात्र ते लागतं.

प्रश्न : बुटीबोरीला शिफ्टमध्ये काम करतो, नाइट आठवड्याआड. गेटची तयारी कशी करू? क्लास लावायला वेळही नाही पैसाही नाही.

उत्तर : क्लास नाही लावला तरी चालतं. पेपर १०० मार्कांचा, ६५ प्रश्न, तीन तास. त्यातले १५ मार्क जनरल ॲप्टिट्यूडचे आणि मेकॅनिकलला साधारण १३ इंजिनियरिंग मॅथ्सचे, म्हणजे २८ मार्क असे आहेत की जे रोज तासभर काढून पक्के करता येतात आणि तेच बहुतेक जण शेवटच्या महिन्यावर ढकलतात. नाइट संपवून आल्यावर थर्मो वाचू नका, डोक्यात काही शिरत नाही, त्या आठवड्यात फक्त मॅथ्स आणि ॲप्टिट्यूडची गणितं करा, डे शिफ्टच्या आठवड्यात नवीन विषय. एकच ऑप्शन बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे, पण ज्यात आकडा टाइप करायचा असतो त्यांना आणि अनेक उत्तरं बरोबर असलेल्यांना नाही, त्यामुळे ते कोरे सोडून यायचे नाहीत. आणि परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा वापरावा लागतो, माउसने एकेक आकडा दाबत, तेव्हा घरी सराव पण तसाच करा. शिकायला एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, मागच्या वर्षांचे पेपर आहेत. यापेक्षा जास्त साहित्य गोळा करू नका.

प्रश्न : मॅम, मी एम.टेक. डिझाईन सेकंड इयर, कोल्हापूर. माझा प्रोजेक्ट उसाच्या ट्रॅक्टर ट्रॉलीच्या ड्रॉबारचं (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्याचं) ॲनालिसिस असा आहे. प्रॉब्लेम असा की मेश (सॉफ्टवेअरमध्ये पार्टचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केला की स्ट्रेस वाढतच जातोय, १८०, मग २४०, मग ३५०, थांबतच नाही. गाईड म्हणतात बारीक मेश म्हणजे अचूक उत्तर, पण मग यील्डच्या (स्टील कायमचं वाकतं त्या स्ट्रेसच्या) वर जातंय आणि ट्रॉली तर रस्त्यावर धावतेय. सबमिशन दोन महिन्यांवर आलंय, झोप येत नाही.

उत्तर : पत्र वाचून मला आनंद झाला हे आधी सांगते, कारण तुला शंका आली. "ट्रॉली तर रस्त्यावर धावतेय" हे वाक्य तुझ्या पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. कितीतरी जण सगळ्यात लाल दिसणारा आकडा उचलून टेबलात टाकतात आणि पुढे जातात.

तो लाल ठिपका कुठे आहे बघ. माझा अंदाज, जिथे ब्रॅकेटची प्लेट ड्रॉबारच्या चॅनेलला काटकोनात मिळते त्या आतल्या कोपऱ्यात. तू मॉडेल करताना तिथे कोपरा एकदम टोकदार ठेवलाय, रेडियस शून्य. इलॅस्टिक थिअरीप्रमाणे अशा आतल्या धारदार कोपऱ्यात स्ट्रेस अनंत असतो, मग तू मेश जितका बारीक करशील तितकं सॉफ्टवेअर त्या अनंताकडे सरकत जाणार, त्याचा दोष नाही, तू विचारलेल्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर देतंय. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. बारीक मेशने अचूकता वाढते हे गाईडचं म्हणणं खरं आहे, पण जिथे उत्तर अस्तित्वात आहे तिथे. इथे त्या बिंदूवर उत्तरच नाही.

मग करायचं काय. जर तो कोपरा खऱ्या पार्टमध्ये वाकवलेला किंवा मशीन केलेला असेल तर खरी रेडियस मोजून आण, फिलेट गेज घेऊन जा, आणि ती मॉडेलमध्ये टाक, मग मेश बारीक करत गेलीस की आकडा एका जागी थांबेल. आणि जर ते वेल्ड असेल, ट्रॉलीत बहुतेक असणारच, तर वेल्डच्या पायथ्याशी स्ट्रेस वाचायचाच नाही. त्यासाठी हॉट स्पॉट पद्धत आहे, प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस घ्यायचे आणि सरळ रेष मागे वाढवून पायथ्याचा आकडा काढायचा. ८ मिलिमीटरची प्लेट असेल तर ३.२ आणि ८ मिलिमीटरवर. वेल्डच्या फटीगसाठी जगभर हेच करतात. गाईडना दाखवताना "सर तुमचं चुकलं" असं नको, तीन मेशचा ग्राफ घेऊन जा, एक कोपऱ्यातल्या नोडचा (मेशमधल्या बिंदूचा) आणि एक ८ मिलिमीटर लांबच्या नोडचा. कोपऱ्यातला वाढत जाईल, लांबचा आडवा होईल. तो ग्राफ बघितल्यावर बोलायला फार काही उरत नाही, आणि तोच ग्राफ थिसिसमध्ये पण टाक.

एलिमेंट कुठला वापरलायस ते लिहिलं नाहीस. चार नोडचा टेट (चार टोकांचा तुकडा) असेल तर लगेच बदल, तो वाकताना फार ताठ वागतो, डिफ्लेक्शन कमी दाखवतो, दहा नोडचा घे. आणि खरं सॉफ्टवेअर आपल्याला येतंय का हे तपासायला एक संध्याकाळ दे: एक मोठी प्लेट, मधे छोटं गोल भोक, दोन्हीकडून ताण. भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट यायला हवा, किर्शने १८९८ साली हे हाताने काढून ठेवलंय. प्लेटची रुंदी भोकाच्या दहापट घेतलीस आणि तीनच्या जवळपास आलं नाही तर आधी ते दुरुस्त कर, ट्रॉलीला नंतर हात लाव. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे पहिल्या आठवड्यात करायला लावते, सगळे कंटाळतात, पण चुका तिथेच सापडतात.

आता मला मेशपेक्षा जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे, लोड कुठून आणलास? जर आधीच्या कुणाच्या पेपरमधून आकडा उचलला असेल तर बाकी सगळं कितीही बरोबर केलंस तरी उपयोग नाही. तू कोल्हापूरला आहेस, गाळप हंगाम चालू असताना कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन दिवस उभी राहा, भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन लिहून घे, चालकांशी बोल, ड्रॉबार कुठून तुटतो ते त्यांना आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, कारण शेवटी पट्टी मारून जोडून तोच देतो. त्या पट्ट्या कुठे मारल्यात त्याचे फोटो काढ. कोपऱ्यापासून लांब, जिथे आकडा थांबलाय तिथे एक स्ट्रेन गेज (ताणाने पार्ट किती लांबतो ते मोजणारी पट्टी) लावता आला तर सोन्याहून पिवळं. स्टीलमध्ये १०० मेगापास्कल म्हणजे ५०० मायक्रोस्ट्रेन, गेज फॅक्टर २ धरला तर क्वार्टर ब्रिज सर्किटमध्ये पुरवलेल्या एका व्होल्टमागे पाव मिलिव्होल्ट मिळतं, कॉलेजच्या लॅबमध्ये सहज मोजता येतं. दोन महिने पुरतात. झोप.

प्रश्न : मी पुण्यात थर्मलला आहे. ट्यूबमध्ये ट्विस्टेड टेप (पिळलेली पट्टी) टाकून हीट ट्रान्सफर किती वाढतो असा एक्सपेरिमेंटल प्रोजेक्ट, हवा वापरलीय, बाहेरून हीटर. पण साध्या ट्यूबचाच नसेल्ट नंबर (हीट ट्रान्सफर किती होतो त्याचा आकडा) डिटस-बोल्टर फॉर्म्युल्यापेक्षा २२ टक्के जास्त येतोय. सीनियर म्हणाले सगळे आकडे थोडे सेट करतात, तू पण कर आणि मोकळा हो.

उत्तर : नको करूस. हे मी रागाने नाही, कळकळीने सांगतेय, कारण त्या २२ टक्क्यांत तुझं खरं एम.टेक. दडलंय आणि सीनियर तुला तेच पुसून टाक म्हणतोय.

पहिली गोष्ट, डिटस-बोल्टर हे काही सत्य नाही, तो पण प्रयोगांवरून बसवलेला फॉर्म्युला आहे आणि त्यात स्वतःत २५ टक्क्यांपर्यंत चूक असू शकते असं हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाक्य कुणी वाचत नाही. ग्नीलिन्स्कीचा फॉर्म्युला वापर, तो बराच जवळ जातो. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा) १०,००० च्या खाली असेल तर डिटस-बोल्टर लागूच होत नाही, ते आधी तपास.

दुसरी, हीट किती गेली ते कशावरून काढतोस? हीटरचा व्होल्टेज गुणिले करंट घेत असशील तर तीच तुझी चूक असण्याची शक्यता मोठी आहे, कारण त्यातली बरीच हीट इन्सुलेशनमधून खोलीत जाते, हवेला मिळतच नाही, आणि तू ती सगळी हवेच्या नावावर टाकलीस की नसेल्ट वाढणारच. हवेचा मास फ्लो, स्पेसिफिक हीट आणि तापमानातला फरक यावरून काढ, आणि दोन्ही आकडे शेजारी लिही.

पण मग तापमान नीट मोजायला हवं. समज हवा ४ डिग्रीने तापतेय आणि थर्मोकपलची (तापमान मोजायच्या तारांच्या जोडीची) चूक अर्धा डिग्री आहे, आत आणि बाहेर दोन्हीकडे, तर फरकातली चूक ०.७ डिग्री, म्हणजे जवळजवळ १८ टक्के! एवढ्यावर तुझे २२ टक्के बरेचसे संपले. तेच थर्मोकपल कॅलिब्रेट करून चूक ०.१ वर आणलीस तर साडेतीन टक्के राहतात. बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी, दोन बिंदू. आणि उकळतं पाणी १०० दाखवत नाही म्हणून थर्मोकपल फेकू नकोस, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ९८ च्या जागी १०० धरून कॅलिब्रेट केलं तर चूक तूच आत घातलीस.

हे सगळं केल्यावर जे उरेल ते जसंच्या तसं लिही आणि शेजारी अनसर्टन्टी (मोजमापात किती चूक असू शकते ते) लिही, क्लाइन आणि मॅक्लिंटॉकची १९५३ ची पद्धत अजून तीच चालते. "फॉर्म्युल्यापेक्षा ९ टक्के जास्त, माझी अनसर्टन्टी ७ टक्के, उरलेल्याचं कारण बहुधा ट्यूबच्या सुरुवातीची लांबी कमी पडली" असं ज्या थिसिसमध्ये लिहिलेलं असतं तो मी पूर्ण वाचते. सगळे पॉइंट रेषेवर बसलेले असतील तर व्हायव्हाला माझा पहिला प्रश्न रीडिंगची कच्ची वही दाखवा हाच असतो.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय, सीजीपीए ८.१. जर्मनीत एम.एस. करायचा विचार आहे, फी नाही म्हणतात. घरचे बारा लाख कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का?

उत्तर : फी नाही हे बऱ्याचशा सरकारी युनिव्हर्सिटींबाबत खरं आहे, सगळ्यांबाबत नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्लस्रूहे वगैरे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. जिथे फी नाही तिथेही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तुमचे बारा लाख तिथेच जातात. ते पैसे आपलेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण म्युनिकसारख्या शहरात खोलीचं भाडंच त्यातला मोठा वाटा खातं. त्याशिवाय एपीएस (आपली डिग्री तपासल्याचं) सर्टिफिकेट, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं, त्याला वेळ लागतो म्हणून ते सगळ्यात आधी.

८.१ म्हणजे जर्मन ग्रेड किती ते काढून बघ: दहातून तुझे वजा केले, १.९, भागिले दहा वजा पासिंग, गुणिले तीन, अधिक एक. पासिंग ४ धरलं तर १.९५, ५ धरलं तर २.१४. तिकडे कमी आकडा चांगला. हे ठीक आहे, भारी नाही, पण ग्रेडपेक्षा विषयांचे क्रेडिट जुळतात का ते ते लोक काटेकोर बघतात, तेव्हा बी.टेक.चा सिलॅबस पूर्ण तयार ठेव.

माझा खरा सल्ला भाषेचा. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी मेकॅनिकलची नोकरी जर्मन भाषेत असते, शॉपमधला माणूस जर्मनच बोलतो, ड्रॉइंगवरच्या टिपा जर्मनमध्ये असतात. पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण सध्या तिकडच्या गाड्यांच्या कंपन्या माणसं कमी करतायत, आणि जर्मनची बी२ लेव्हल नसेल तर रांगेत तू शेवटचा. इथूनच बी१ पूर्ण करून जा, एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. कर्ज काढायला घरचे तयार आहेत यापेक्षा फेडणार कसं हे तू त्यांना समजावून सांगू शकतोस का ते बघ, ते जमलं तर जा.

प्रश्न : वय ३४, वाळूजला टूलरूममध्ये आहे, डिप्लोमा मग डिग्री असं केलं. आता एम.टेक. करावंसं वाटतं पण नोकरी सोडता येणार नाही, दोन मुलं आहेत. एकाने घरबसल्या एम.टेक. करून देतो म्हणून सांगितलं.

उत्तर : त्या माणसाला पैसे देऊ नका. पत्राद्वारे केलेल्या इंजिनियरिंगच्या डिग्र्या चालत नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. करायचंच तर कंपनीकडून स्पॉन्सर होऊन किंवा जवळच्या कॉलेजात एआयसीटीईची मान्यता असलेला नोकरदारांसाठीचा कोर्स आहे का ते विचारून, आणि मान्यतेचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून. स्टायपेंड तिथे मिळत नाही. पण भाऊ, तुम्ही टूलरूममधले, दहा-बारा वर्षं हातात डाय-मोल्ड घेतलेला माणूस मटेरियल, हीट ट्रीटमेंट आणि सिम्युलेशन एवढं एनपीटीईएलवरून नीट शिकला, परीक्षेचं सर्टिफिकेट घेतलं, तरी आत्ताच्या कामात त्याचा उपयोग डिग्रीइतकाच होईल. डिग्री शिकवायला जायचं असेल किंवा डिझाईन हेड व्हायला कंपनीने मागितली असेल तरच त्यामागे लागा.

प्रश्न : ताई, मी बार्शीची, शिवणकाम करते. मुलीला नागपूरच्या व्हीएनआयटीला एम.टेक. मिळालंय, मेकॅनिकलमध्येच. नातेवाईक म्हणतात बी.टेक. झालं ते पुष्कळ, मुलीच्या जातीला यंत्राचं काय करायचंय, आता लग्नाचं बघा. तिचे वडील गप्प आहेत. मला काही कळत नाही यातलं पण तिचं तोंड बघवत नाही. पाठवू का, आणि पाठवायचं तर सोबत काय देऊ?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाठवा.

नातेवाइकांना सांगायचं असेल तर हे सांगा. गेटमधून एनआयटीला सरकारी जागा मिळणं ही गोष्ट चाळणीतून आलेली आहे, कुणी दिलेली नाही, आणि तिला महिना १२,४०० स्टायपेंड मिळणार आहे म्हणजे ती तुमच्यावर ओझं टाकून शिकायला चाललेली नाही. आणि यंत्राचं मुलीला काय करायचंय असं कुणी म्हणालं तर त्यांना टेसी थॉमस यांचं सांगा. केरळची बाई, पुण्यातल्या त्या वेळच्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट टेक्नॉलॉजीत, आता त्याला डायट म्हणतात, क्षेपणास्त्रांच्या विषयात एम.ई. केलं, आणि पुढे अग्नी-५ च्या प्रकल्पाची प्रमुख झाली.

वडील गप्प आहेत म्हणजे नाही म्हणतायत असं नाही. माझे वडीलपण गप्प होते, मग मला सोडायला स्वतः आले, आणि वर्कशॉपच्या दारात उभं राहून बराच वेळ लेथ बघत राहिले. शक्य असेल तर तिला सोडायला वडिलांनाच पाठवा आणि लॅब, हॉस्टेल दाखव म्हणून तिला सांगा. बाकी काही बोलावं लागणार नाही.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाही, नातेवाइकांनी विचारलंय, तेव्हा त्याचं उत्तर तुमच्या मुलीने द्यायचं, मी नाही. दोन वर्षं फार नसतात एवढंच म्हणते.

आणि सोबत काय द्यायचं. तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगते, दोन जोड असे शिवून द्या की बाही कोपरापर्यंत घट्ट बसेल, ओढणी लागणार नाही आणि खिसे खोल असतील, फिरत्या मशीनजवळ सैल कापड धोक्याचं. केस बांधायला साधी जाळी. आणि सेफ्टी शूज तिच्या मापाचे बघून घ्या, दुकानात न्या आणि चालवून बघा. आम्हाला कंपनीत मुलांच्या मापाचे मिळायचे, सात नंबर, पुढे कापूस भरून मी दोन वर्षं घातले, आता चार-पाच नंबरचे पण मिळतात.